पालथ्या बादल्या

नंदुरबारसारख्या गावात खाजगी गुप्तहेराचं पोट भरेल इतके गुन्हे छत्तीस सालीही होत नव्हते. हिरामण नेरपगार यांच्या खोलीचा जिना चढून येणारी माणसं बहुधा हरवलेल्या बैलाची नाहीतर परागंदा झालेल्या जावयाची तक्रार घेऊन येत. नेरपगार तीही कामं मन लावून करीत. बैल बहुतेक सापडे. जावयाचं काही सांगता येत नसे.

जानेवारीतल्या त्या शुक्रवारी सकाळी पहिले आले ते कोठावदे मास्तर. शाळेत ते चित्रकला शिकवीत आणि उरलेला वेळ नेरपगारांच्या खोलीत काढीत. आपण या उद्योगात नेरपगारांचे उजवे हात आहोत असं त्यांचं ठाम मत होतं. नेरपगारांनी ते कधी खोडून काढलं नव्हतं, कारण मास्तर गेले की चहाला सोबत उरत नसे.

"हाल चाललेत माझे," मफलर सोडत मास्तर म्हणाले. "परवा ग्रहण म्हणून खानावळीत चूलच पेटली नाही. काल पहाटे कापसाच्या जीनला आग लागली, तर आमचा आचारी चूल सोडून आग बघायला पळाला. दोन दिवस मी नुसत्या चिवड्यावर आहे."

"जीन वाचली ना?"

"वाचली म्हणायची. गठाणींची अर्धी शेड जळाली. आग लावणाराही सापडलाय. डोंगरातला कोणी मजूर आहे."

त्या मजुराची बायको त्याच वेळी जिना चढत होती. पाठीला लहान मुलगी बांधलेली, पायांवर धूळ. दारात येऊन ती उभी राहिली आणि खोलीत दोन माणसं बघून गोंधळली.

"बैल शोधस तो कोन शे?" तिने विचारलं.

"मीच तो," नेरपगार म्हणाले. "बस बाई. काय झालं?"

ती बसली नाही. "मी रूपली. डोंगरमाधला काठी गावकडनी शे. मन्हा नवराले पोलीसनी बांधी ठेयेल शे, जीनमा. खात्या त्यानं नाव. त्यानी आग लायी नही, भाऊ. आज दुपारनी मोटरवर त्याले धुळे लई जातीन. धुळे गया ते त्याले कोन ओळखस? कोन सोडई?"

"त्याने आग लावली नाही हे तुला कशावरून माहीत?"

"त्यानी नवस करेल शे. ही पोर मरता मरता वाचनी, म्हनीसन होळीले तो बुध्या व्हनार शे, व्रत पाळी, आंगले राख फासी नाचनार शे. नवसना मानूस असं काम करस का?"

कोर्टात या पुराव्याची कोणी दखल घेतली नसती. नेरपगारांनी मात्र खुंटीवरची टोपी घेतली.

"मोटार किती वाजता सुटते हो, मास्तर?"

"बाराला."

"मग चहा परत आल्यावर प्या."

जीन गावाबाहेर, स्टेशनच्या वाटेवर होती. सुरतेच्या एका शेटजींची मालकी, आणि कारभार फरामजी नावाच्या पारशी मॅनेजरकडे. तापीकाठचा कापूस बैलगाड्यांनी इथे यायचा. रेचे नावाच्या यंत्रांत सरकी वेगळी व्हायची, आणि उरलेली रुई प्रेसमध्ये दाबून, बारदान गुंडाळून, लोखंडी पट्ट्यांनी आवळून तिच्या गठाणी व्हायच्या. हंगामात शेकडो मजूर इथे राबत. त्यांतले बरेचसे सातपुड्यातून आलेले, कुंपणाच्या कडेला झोपड्या घालून राहणारे.

फाटकातून आत शिरताच जळक्या कापसाचा वास नाकात बसला. पत्र्याच्या शेडचं एक टोक काळं पडून वाकलं होतं. आगीतून ओढून काढलेल्या गठाणी अंगणात लांब मांडल्या होत्या, आणि त्यांतलीच एक ऑफिसच्या भिंतीला टेकवून तिच्यावर फौजदारसाहेब बसले होते. समोर टेबल, बाजूला हवालदार, आणि लिंबाखाली दोरी बांधलेला खात्या.

रूपलीबाई धावत लिंबाकडे गेली. हवालदाराने तिला अडवलं नाही, एवढं बरं झालं.

"या, नेरपगार!" फौजदार हसले. "बैल हरवला का कोणाचा?"

"हा माणूस हरवू नये म्हणून आलोय, साहेब. पाच मिनिटं द्याल?"

"पाच काय, बारापर्यंत घ्या. मला घाई नाही. कालपासून याच जागेवर बसून जबाब घेतोय. खुर्ची दिली होती फरामजींनी, पण इथे कशी मस्त बैठक जमते."

थंडी अशी होती की मास्तरांचे दात वाजत होते. फौजदारांच्या कोटाची बटणं मात्र सगळी उघडी होती आणि गळपट्टा टेबलावर पडला होता. एक पिवळा कुत्रा येऊन त्यांच्या पायाशी गठाणीला अंग लावून पडला. हवालदाराने त्याला हाकललं. थोड्या वेळाने तो पुन्हा तिथेच आला.

"तुमचा खटला काय म्हणतो?" नेरपगारांनी विचारलं.

"खटला सरळ आहे." फौजदार बोटांवर मोजू लागले. "सोमवारी हा खात्या आवारात विडी ओढताना सापडला. फरामजींनी याला एक थोबाडीत दिली. तेव्हा हा सगळ्यांदेखत म्हणाला, तुझी जीन जळून जाईल. काल पहाटे शेड पेटली. सगळ्यांत आधी धावला तो रखवालदार दोधू. त्याला हा पेटलेल्या गठाणींशेजारी सापडला. कमरेला चकमक. आणि मुख्य गोष्ट ऐका. आगीसाठी म्हणून पाण्याने भरून ठेवलेल्या लाल बादल्या सगळ्या रिकाम्या! एकीतही थेंब नव्हता. आधी पाणी ओतलं, मग आग लावली. हा काही रागाच्या भरात केलेला प्रकार नाही. पुरता विचार करून केलेला आहे."

"बादल्या रिकाम्या," नेरपगार पुटपुटले. "हे मात्र अवघड आहे."

"अवघड तुम्हाला. मला सोपं गेलं."

फरामजी ऑफिसात डोकं धरून बसले होते. मनाने माणूस वाईट नव्हता, पण दोन दिवसांत दहा वर्षांनी म्हातारा दिसत होता.

"अरे बाबा, मी काय नाय केलं या जीनसाठी?" ते म्हणाले. "मागच्या साली शेजारची जीन जळाली तवापासून मी बादल्या टांगल्या, लाल रंग दिला, रोज सकाळी भरायचा हुकूम दिला. पाणी वापरायचं नाय, हात धुवायचा नाय, फक्त आगीसाठी! आणि ज्या दिवशी आग लागते, त्याच दिवशी बादली खाली. हे कोणी दुश्मनच करेल नी?"

"बादल्या कोण भरतं?"

"भिकुबाई. दोधूची बायको. बाई इमानदार आहे. पण तीपण आता कामात ध्यान देत नाय. काल मला प्यायला पाणी दिलं, तर त्यात गवताची काडी! माठात पाहतो तर आणखी दोन काड्या. पाणी गाळून भरायला काय होतं हिला?"

"तुम्ही ते पाणी काय केलंत?"

"फेकलं. गवताचं पाणी मी पितो काय?"

मास्तर सहानुभूतीने हळहळले. माठाचं झाकण उचलून नेरपगारांनी आत पाहिलं, आणि ते बाहेर आले.

दोधू रखवालदार पन्नाशीचा, सरळ माणूस. आपल्या पहाऱ्यात आग लागली याची त्याला लाज वाटत होती.

"पहाटले धूर दिसना," तो म्हणाला. "मी पयत गऊ. खात्या तठे गठाणले पाठ लाईसन झोपेल व्हता. मी त्याले लाथ मारी उठाडं. मंग बादली लेवाले गऊ, ते ती ओटावर पालथी! दुसरी उचली, तीबी पालथी. सगळ्या पालथ्या. हातले निस्ती राख लागनी. मंग विहीरवरतीन पानी वढं."

"राख लागली? बादलीची?"

"हां, दादा. बादलीले बाहेरतीन."

"आग लागल्यावर राख लागणारच," मास्तर म्हणाले.

"आणि खात्या पळाला का?"

"नही. तोच ते सगळासना पुढे विहीरमाइन पानी वढत व्हता. त्यान्हा हात सोलाई गयात." दोधू थांबला. "हाई मी फौजदारले सांगं. त्यासनी सांगं, नाटक शे."

प्रेसचा फोरमन नवल याला प्रश्न विचारलेलेच आवडत नव्हते. रात्री प्रेस बंद होती, आपण घरी होतो, आपला संबंध नाही, असं तो तीनदा म्हणाला.

"तुमच्यावर आळ नाही," नेरपगार म्हणाले. "मला जळालेल्या गठाणींचं सांगा. त्यांच्यावर काळा गोल काढलेला दिसतो. तो कशाचा?"

"रोजची खूण वेगळी असते, साहेब. गोल म्हणजे मंगळवारचा माल."

"मंगळवारी काम नेहमीसारखं झालं?"

नवलने मानेला झटका दिला. "नेहमीसारखंच. म्हणजे दुपारी एका रेच्यात खडा आला. कापसातून कधी कधी येतो. ठिणगी उडाली, जरा रुई पेटली. आम्ही ओल्या पोत्यांनी झोडून विझवली. पाच मिनिटांचा खेळ. साहेबांना सांगण्याजोगं काही नव्हतं."

"ती रुई फेकली?"

"काळी झालेली फेकली. बाकीची पांढरीशुभ्र होती, ती कशाला फेकू? साहेब जीव घेतील. दिली प्रेसमध्ये."

नेरपगारांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला जाऊ दिलं. मग ते जळालेल्या शेडमध्ये शिरले. पुढच्या बाजूला एक गठाण पाण्याने भिजून फुटली होती. तिचं बारदान बाहेरून जवळजवळ शाबूत, गोलाची खूणही दिसत होती. आत मात्र काळा खड्डा पडला होता, हात कोपरापर्यंत जाईल एवढा.

"मास्तर, तुम्ही चित्रं काढता. ही गठाण तुम्हाला कशी दिसते?"

"जळकी," मास्तर म्हणाले.

"बरोबर. पण पोळी बाहेरून करपते, तशी ही करपलेली नाही."

जेवणाच्या आठवणीने मास्तरांचा चेहरा उतरला आणि त्यांनी पुढे विचार केला नाही.

भिकुबाई विहिरीवर होती. दोघांना येताना बघून तिच्या हातातला दोर सुटता सुटता राहिला.

"बादल्या तुम्ही भरता ना?" नेरपगारांनी विचारलं.

"हां."

"बुधवारी सकाळी भरल्या होत्या?"

"भरेल व्हत्यात. रोज भरस मी."

"मग पहाटे पाणी कुठे गेलं?"

"माले काय माहीत, दादा?" तिने पदर तोंडाला लावला. डोळे रडून सुजले होते. "मी गरीब बाई. मी पानी भरस, बस."

नेरपगारांनी जास्त ताणलं नाही. बाई काहीतरी लपवते आहे हे मास्तरांच्याही लक्षात आलं, आणि परतताना त्यांनी नेरपगारांचा दंड धरला.

"सापडलं! बाई दोधूला वाचवतेय. दोधूची आणि फरामजींची काहीतरी खुन्नस असणार!"

"असं असतं तर दोधूने राखेचं सांगितलं नसतं. चला, खात्या उरलाय."

खात्या पंचविशीचा असेल. तळहातांची सालटी निघालेली, गालावर हवालदाराच्या प्रश्नोत्तरांची खूण. त्याच्या शेजारी रूपलीबाई मुलीला मांडीवर घेऊन बसली होती, आणि नवऱ्याच्या तोंडाकडे सोडून कुठेही बघत नव्हती.

"फरामजींना तू शाप दिलास?"

"दिना. त्यानी मारं. माले राग उना."

"चकमक कशाला ठेवतोस?"

"चूल कशी पेटाडू?" खात्याला प्रश्नाचंच नवल वाटलं.

"आणि शेडमध्ये का झोपलास?"

"थंडी व्हती. त्या गठाणपाशी गरम लागे. कुत्राबी तठेच झोपेत."

फौजदार खो खो हसले. "ऐकलंत? म्हणे गरम लागे! आग लावली की गरम लागणारच!"

हवालदारही हसला. मास्तरांनी हसावं की नाही हे ठरवण्यासाठी नेरपगारांकडे पाहिलं, तर नेरपगारांचा चेहरा अगदी बदलला होता. त्यांची नजर फौजदारांच्या बुटांवर होती. बुटांच्या मागे, बारदानावर, काळा गोल अर्धा दिसत होता.

"दोधू!" त्यांनी हाक मारली. एवढा मोठा आवाज मास्तरांनी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "भिकुबाईंना घे आणि सगळ्या बादल्या भरून आण. सगळ्या. इथे ओळीने ठेव. फरामजी, चार माणसं बोलवा. नवल, पट्ट्या तोडायची छिन्नी आणा."

"कशाला?" फौजदारांनी विचारलं.

"सांगतो. आधी पाणी येऊ द्या."

पाणी येईपर्यंत फौजदारांनी दोनदा घड्याळ पाहिलं. बारा वाजायला फार वेळ उरला नव्हता, आणि मोटारीचा भोंगा नाक्यावरून एकदा वाजूनही गेला. रूपलीबाईने तो ऐकला आणि खात्याची दोरी मुठीत घट्ट धरली.

बादल्या आल्या. भिकुबाई शेवटची बादली ठेवून मागे सरकू लागली, तेव्हा नेरपगारांनी तिला थांबवलं.

"आता ऐका," ते म्हणाले. "फौजदारसाहेब म्हणतात, बादल्या ओतणारा आणि आग लावणारा एकच. तिथेच सगळे फसले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. आधी बादल्या घेऊ. ज्याला जीन जाळायची आहे तो पाणी ओतेल आणि पळेल. तो बादल्या घासत बसेल का? दोधूच्या हाताला राख लागली. नुकत्या पेटलेल्या आगीची राख बादल्यांच्या ओट्यापर्यंत पोचत नाही. ती राख चुलीतली, भांडी घासायची. कोणीतरी सगळ्या बादल्या रिकाम्या करून, राखेने घासून, निथळायला पालथ्या घातल्या होत्या. घरातली भांडी घालतात तशा."

"कशासाठी?" फरामजींनी विचारलं.

"तुमच्या माठात गवत ज्यासाठी पडलं, त्याचसाठी. फरामजी, ते गवत नव्हतं, दर्भ होता. परवा रात्री ग्रहण होतं. ग्रहणात साठवलेलं पाणी विटाळतं, असं आमच्याकडे मानतात. जे ठेवायचं त्यात दर्भाची काडी टाकतात. उरलेलं ग्रहण सुटल्यावर ओतून देतात, भांडी घासतात, नवं पाणी भरतात. भिकुबाई, तुमच्याजवळ दर्भ थोडाच होता ना?"

भिकुबाईने मान डोलावली.

"घरना माठमा टाका, साहेबना माठमा टाका," ती रडत रडत म्हणाली. "मंग सरी गया. बादल्यास्ना पानीवर मजूर तोंड धोतस, साहेब नही म्हने तरी धोतस. गिऱ्हानना पानी त्यासनी तोंडले लागाले नको, म्हनीसन मी वती दिनं. इतली थंडी व्हती, दादा. म्हनं, उजाडनं की भरसू. उजाडाना पहिलेच आग लागनी. मन्हामुळे जीन जळनी!"

दोधू बायकोकडे बघतच राहिला. हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

फौजदार सावरून बसले. "म्हणजे आरोपी ही बाई!"

"साहेब, परवा रात्री तुमच्या घरचं पाणी कोणी ओतलं?"

"आमच्या आईने. दर ग्रहणाला ओतते ती."

"मग त्यांनाही धुळ्याला पाठवणार का?"

फौजदारांनी मिशीवरून हात फिरवला. हवालदार दुसरीकडे बघू लागला.

"पण तुम्हाला तर ही चाल माहीत होती, साहेब. मग लक्षात का आलं नाही? कारण लाल रंग दिला की बादलीतलं पाणी आपल्याला पाणी वाटत नाही, सरकारी सामान वाटतं. भिकुबाईंना ते पाणीच वाटलं. फरामजींना ग्रहणाचं ठाऊक नाही, आणि आपल्याला ठाऊक असून सुचलं नाही."

"ठीक आहे," फौजदार म्हणाले. "बादल्या सोडल्या. आग? ती काय ग्रहणाने लावली?"

"आग मंगळवारी लागली."

सगळे एकदम बोलू लागले. नेरपगारांनी हात वर केला.

"मंगळवारी दुपारी रेच्यात ठिणगी उडाली. नवलने आग विझवली, काळी रुई फेकली, पांढरी प्रेसला दिली. त्या पांढऱ्या रुईत कुठेतरी एक निखारा जिवंत राहिला होता. तो गठाणीत घट्ट दाबला गेला. अशा गठाणीत वारा शिरत नाही, म्हणून ज्वाळा होत नाही. आतल्या आत धुमसत राहतं, दिवसचे दिवस. बाहेरून कळत नाही. फक्त गठाण गरम लागते. शेडमधली फुटलेली गठाण बघा. बारदान शाबूत आणि पोट जळालेलं. चकमक झाडून कोणी गठाणीच्या पोटात आग लावू शकतो का? आणि कुत्र्यांना कोणी शिकवलं तिथे झोपायला? खात्या खरं तेच सांगत होता. त्याला गरम लागलं, कारण गठाण गरम होती."

"हे सगळं तर्काचं झालं," फौजदार म्हणाले. "कोर्ट पुरावा मागतं. आहे पुरावा?"

"आहे. खात्या काल पहाटेपासून तुमच्या दोरीत आहे. त्यानंतर कुठे आग लागली तर ती त्याने लावलेली नाही, हे मान्य?"

"मान्य."

"मग साहेब, कृपा करून उठा. दोन दिवस तुम्ही आरोपीवर बसलेले आहात."

फौजदारांना अर्थ कळायला क्षणभर लागला. मग ते असे उठले की टेबल कलंडलं. मास्तरांनी पुढे होऊन गठाणीवर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला.

"अहो, ही तर गरम आहे!"

चौघांनी गठाण ढकलत मोकळ्या जागी, बाकीच्या मालापासून दूर नेली. बादल्या हातात घेऊन माणसं भोवती उभी राहिली. नवलने छिन्नी लावली. पहिली पट्टी तुटली, दुसरी तुटली, रुई फुगून वर आली आणि तिच्या मधोमध तांबडा डोळा उघडल्यासारखा निखारा लाल झाला. भप्पकन ज्वाळा उठली.

"मारा पाणी!"

पहिली बादली भिकुबाईने मारली. मग दोधूने, मग मजुरांनी, मग टोपी सांभाळत खुद्द फौजदारांनी. दोन-चार मिनिटांत नुसती वाफ आणि भिजलेल्या कापसाचा चिखल उरला. फरामजींनी मंगळवारच्या उरलेल्या सगळ्या गठाणींवर हात फिरवून पाहिला. त्या गार होत्या. तरी त्यांनी त्या वेगळ्या काढून ठेवायला लावल्या.

"ती ऑफिसला टेकून होती," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "आज रात्री मी आत झोपलो असतो, नी ही भिंत..."

नवल मान खाली घालून उभा होता. फरामजी त्याच्याकडे वळले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता याची नोकरी गेली.

"रुई फेकली असती तर मी तुला ओरडलो असतो, खरं आहे," फरामजी म्हणाले. "आता ऐक. ठिणगी उडाली की आजूबाजूची सगळी रुई बाहेर. पांढरी असली तरी बाहेर. मी ओरडलो तर मला आठवण दे. आणि भिकुबाई, पुढच्या ग्रहणाला पाणी बदल, माझी ना नाय. पण एक बादली ओतायची, ती भरायची, मग दुसरी. समजलं?"

"समजनं, साहेब," भिकुबाई म्हणाली. ती अजून रडतच होती, पण आता रडण्यात भीती नव्हती.

फौजदारांनी स्वतःच्या हाताने खात्याची दोरी सोडली. नाक्यावरून मोटारीचा भोंगा पुन्हा वाजला, बराच वेळ वाजला आणि लांब गेला. ती मोटार धुळ्याला रिकामी गेली. नेरपगारांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आपण एवढे घाबरलो होतो हे त्यांना तेव्हा कळलं.

फरामजी खात्यासमोर येऊन उभे राहिले. "खात्या, मी तुला मारलं. विडी ओढू नये हे खरं, पण मारलं ते चुकलं माझं. तू विहिरीवर पाणी ओढत होतास, तेपण मी ऐकलं नाय. माफ कर."

खात्याने सोललेले हात जोडले.

"मला एक मात्र शेवटपर्यंत उमगलं नाही," नेरपगार म्हणाले. "तुझी झोपडी कुंपणाशीच आहे. बायको-मुलगी तिथे असताना तू शेडमध्ये का झोपायचास?"

खात्याने रूपलीबाईकडे चोरून पाहिलं. "घोंगडी एकच शे," तो हळू आवाजात म्हणाला. "त्यामा ती आनि पोर. तिले मी सांगं, गड्यासपाशी गप्पा चालतस, मी तठेच झोपस."

रूपलीबाईने दोन दिवसांत डोळ्यातून पाण्याचा थेंब काढला नव्हता. नेरपगारांच्या दारात नाही, नवऱ्याला दोरीत बघून नाही, भोंगा ऐकून नाही. आता तिने मुलीला त्याच्या हातात दिलं, त्याच्या दंडावर दोन्ही मुठींनी तीन-चार गुद्दे मारले आणि मोठ्याने रडायला लागली.

"आज झोपडीमा झोपशी," रडता रडता ती म्हणाली. "तिन्ही जन एकच घोंगडीमा. फाटनी ते फाटनी."

खात्या हसला, आणि मुलीला खांद्यावर घेऊन तिच्या मागे झोपड्यांकडे चालू लागला.